पाडव्याच्या आत ठराव करा

पवन मावळ, आंदर मावळ आणि नाणे मावळातल्या, तसंच लोणावळा, खंडाळा, वडगाव, तळेगाव आणि देहूच्या सगळ्या भाविक मतदारांना, गावोगावच्या उत्सव कमिट्यांना, भजनी मंडळांना, कीर्तनकार महाराजांना आणि मशिदी, चर्च, विहारांच्या विश्वस्तांना हात जोडून विनंती.

देहूची बीज झाली. पाडव्याला जेमतेम बारा दिवस उरलेत. पाडवा झाला की आपल्याकडे गावजत्रा सुरू होतात, रामनवमी आणि हनुमान जयंतीचे सप्ताह बसतात, कार्ल्याच्या गडावर एकवीरा आईच्या यात्रेला कोकणातून आगरी-कोळी बांधवांची रीघ लागते. म्हणजे याच बारा दिवसांत प्रत्येक गावात कमिटीची बैठक होणार. कीर्तनकार कोण, मांडव कुणाचा, आणि सात दिवसांच्या पंगती कुणाकडे, हे सगळं तिथे ठरणार. त्या बैठकीला जाण्याआधी हे वाचा. जमलं तर बैठकीतच मोठ्याने वाचून दाखवा.

मी आमच्या गावच्या कमिटीत दहा वर्षं आहे. माझ्याकडे मांडव, लाइट आणि माइकचं काम. मागच्या एका निवडणुकीच्या आधीचा सप्ताह मला विसरता येत नाही, म्हणून आधी तोच सांगतो.

सहावा दिवस होता. रात्रीचं कीर्तन रंगात आलं होतं. बुवांनी दुसरं चरण घेतलं, टाळकऱ्यांनी ते उचललं, मृदंग चढत चालला होता आणि मांडवाच्या तोंडाशी गाड्यांचे दिवे आले. निवडणुकीला इच्छुक असलेले एक गृहस्थ पंधरा-वीस पोरं घेऊन उतरले. त्या दिवसाची पंगत त्यांची होती. कमिटीतल्या कुणीतरी बुवांना खूण केली. बुवा थांबले, टाळ थांबले. शाल, नारळ, हार सगळं झालं. मग ते वीणेकऱ्यांच्या पाया पडले. आमचे वीणेकरी ऐंशीच्या घरातले. पहाऱ्याला उभे राहिले की पाय सुजतात, पण दुसरा गळ्यात वीणा घेईपर्यंत जागचे हलत नाहीत. फोटो काढणारा पोरगा म्हणाला, "दादा, परत एकदा. मधे कुणाचा तरी हात आला." दादा परत वाकले. म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले. नंतर दादांना माइक हवा होता. तो त्यांच्या हातात मी दिला. सहा-सातशे माणसांची पंगत त्यांची होती आणि दुसऱ्या दिवशीच्या काल्याच्या खर्चाची काळजी माझ्या डोक्यात होती, म्हणून दिला.

पुढची वीस मिनिटं देवाच्या मांडवात काय काय बोललं गेलं ते सांगत बसत नाही. आपल्यातला माणूस, आपल्या धर्माचा माणूस, आपल्या देवाचं काम करणारा माणूस, एवढाच त्याचा मथितार्थ.

सकाळी काकड्यानंतर वीणेकरी माझ्याकडे आले. म्हणाले, "अखंड म्हणून सप्ताह बसवला आणि मधेच तोडला. पुढच्या साली माझ्या नावाचा पहारा लावू नको." पुढच्या साली ते मांडवात आले, मागे भिंतीला टेकून बसले, पण त्यांनी वीणा घेतली नाही.

दुसरी गोष्ट माझ्या चुलतीची. त्याच दिवसांत आमच्या वस्तीवरून देवदर्शनाला बस गेली. जाणंयेणं, राहणं, जेवण सगळं फुकट. म्हाताऱ्या बायका हरखून गेल्या होत्या. कित्येकींनी आयुष्यात पहिल्यांदाच घाट ओलांडला होता. परतीच्या वाटेवर बसमध्ये सगळ्यांच्या कपाळाला भंडारा लावला आणि त्याच भंडाऱ्याची आण घालून मत कुणाला देणार ते एकेकीकडून वदवून घेतलं. चुलतीच्या मनात वेगळा उमेदवार होता. तिच्या वस्तीवर नळाचं पाणी त्याच्या खटपटीने आलं होतं. मतदानाच्या आदल्या रात्री ती चुलीपुढे रडत बसली. "देवाच्या नावानं बोललेय रे बाबा. उलटं केलं आणि नातवाला काही झालं तर?" तिने कुणाला मत दिलं ते मी विचारलं नाही. पण ती केंद्रावर गेली ती भीतीने, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

मावळात भाविकाचं मत कसं मागतात ते या दोन प्रसंगांत सगळं आलं. टीव्हीवर आपण मोठमोठी भाषणं ऐकतो आणि म्हणतो, बघा, धर्माचं राजकारण चाललंय. आपल्या दारात ते भाषणातून येत नाही. ते पंगतीच्या वाढप्यातून येतं, आरतीच्या ताटातून येतं, बसच्या तिकिटातून येतं. वाईट याचं वाटतं की दार आपणच उघडतो. मांडवाची किल्ली आपल्या कमिटीकडे असते.

आता कायदा काय म्हणतो ते नीट ऐका, कारण माझ्या चुलतीला हे आधी कुणी सांगितलं असतं तर ती रडली नसती. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुका ज्या कायद्याने चालतात, त्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमात एक वाक्य आहे. अमक्याला मत दिलं नाहीस तर देवाचा कोप होईल, अशी मतदाराची समजूत करून देणं, नुसता तसा प्रयत्न करणं, हा भ्रष्ट आचार आहे. कायद्यात थेट दैवी कोपाचं नाव घेतलं आहे. भारतीय न्याय संहितेच्या १७१ व्या कलमातही हा गुन्हा आहे, आणि तो ग्रामपंचायत, नगरपरिषदेच्या निवडणुकीतही गुन्हाच असतो. म्हणजे भंडाऱ्याची, बेलाची, तुळशीची, कुराणाची, बायबलची आण घालून मत बांधून घेणारा गुन्हेगार ठरतो. आण घेणाऱ्या बाईच्या माथी कसलंच पाप येत नाही.

दुसरा कायदा १९८८ चा, धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणारा. तो फारसा कुणाला माहीत नाही आणि आपल्या कमिट्यांना तर मुळीच नाही. धार्मिक संस्थेची जागा, तिचा पैसा, तिचा उत्सव, तिची मिरवणूक राजकीय कामासाठी वापरू देता येत नाही, असं तो सांगतो, आणि स्थानिक संस्थेच्या निवडणुकीतल्या उमेदवाराचा प्रचारही त्यात राजकीय कामच धरला आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. ही शिक्षा कुणाला, हे लक्षात घ्या. ज्यांनी जागा वापरू दिली त्या व्यवस्थापकांना, पदाधिकाऱ्यांना. म्हणजे माइक देणाऱ्या माझ्यासारख्याला.

कोर्टावर सगळं सोडून आपण मोकळे होऊ, असं मात्र समजू नका. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत धर्माच्या नावाने मतं मागितली म्हणून डॉ. रमेश प्रभू यांची निवड उच्च न्यायालयाने रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला ११ डिसेंबर १९९५ ला. निवड रद्दच राहिली, आणि त्या प्रचारातल्या भाषणांपायी पुढे बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. निकाल ठाम होता, पण मधे आठ वर्षं गेली. तोवर त्या विधानसभेची मुदत संपून दुसऱ्या दोन निवडणुकाही होऊन गेल्या होत्या. २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने सांगितलं की उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म काढूनही मत मागता येणार नाही. तरी २०२४ च्या विधानसभेच्या प्रचारात महाराष्ट्राने काय ऐकलं? "बटेंगे तो कटेंगे" ऐकलं. "व्होट जिहाद" ऐकलं, त्याला उत्तर म्हणून मतांचं "धर्मयुद्ध" ऐकलं. दुसऱ्या बाजूने मुस्लिम मतदारांनी अमुक उमेदवारांनाच मत द्यावं, असं सांगणारे मौलाना सज्जाद नोमानी यांचे व्हिडिओ फिरले. कोर्टाचा कागद जिथल्या तिथे राहिला.

आचारसंहितेचंही तेच. मंदिर, मशीद, चर्च प्रचाराचा मंच करायचा नाही, असं तिच्यात स्वच्छ लिहिलंय. पण ती निवडणूक जाहीर झाल्यावर लागू होते, आणि देवाच्या दारातून मत मागण्याचं काम त्याच्या आधीच उरकलेलं असतं. २०२४ चंच पाहा. जूनमध्ये वारीतल्या दिंड्यांना प्रत्येकी वीस हजार रुपये जाहीर झाले. जुलैत वारकऱ्यांसाठी महामंडळ आणि साठीपुढच्यांसाठी तीर्थदर्शन योजना आली, माणशी तीस हजारांपर्यंत खर्चाची. ऑक्टोबरात मदरशांतल्या शिक्षकांचं मानधन सहा हजारांवरून सोळा हजारांवर गेलं. १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागली, २० नोव्हेंबरला मतदान झालं. दिंडीला मदत नको, म्हाताऱ्या माणसाला काशी दाखवू नका, मदरशातल्या गुरुजींनी सहा हजारांतच राबावं, असं मी म्हणत नाही. गरज खरी असेल तर ती निवडणुकीच्या तोंडावरच का दिसते, एवढंच विचारतो. सरकारची गोष्ट ही, तर गल्लीतल्या इच्छुकाकडून वेगळी अपेक्षा कशी धरणार?

आपला मावळ लोकसभा मतदारसंघ झाला त्याला फार काळ लोटलेला नाही. २००९ ची त्याची पहिली निवडणूक. घाटावर मावळ, चिंचवड, पिंपरी आणि घाटाखाली कर्जत, पनवेल, उरण, असा तो पसरला आहे. वारकरी, आगरी, कोळी, मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध, सगळे त्यात आले, आणि मागणारे सगळ्यांच्या दारात जातात. २०१९ च्या प्रचारात उमेदवार पार्थ पवार दापोडीतल्या एका ख्रिस्ती धर्मगुरूंना भेटायला गेले. प्रार्थनेने रोग बरे होतात, असं सांगणारे ते धर्मगुरू. त्यावरून केवढा गदारोळ झाला. टीका करणाऱ्यांचं म्हणणं मला पटलं होतं. पण टीका करणाऱ्यांतले किती जण स्वतः वडगावला पोटोबा महाराजांपुढे, तळेगावला डोळसनाथांपुढे किंवा वेहेरगावला एकवीरेपुढे प्रचाराचा नारळ फोडून आले होते? दुसऱ्याच्या देवळातलं राजकारण आपल्याला लगेच दिसतं. आपल्या देवळातलं आपण श्रद्धा म्हणून पोटात घालतो.

देहूचं उदाहरण मनाला जास्त लागतं. ज्या शिळेवर तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसले असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो, त्या शिळेच्या मंदिराचं लोकार्पण १४ जून २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते झालं. आमच्या भजनी मंडळातले कितीतरी जण उन्हात जाऊन आले. दुसऱ्या दिवशी पारावर चर्चा कशाची? त्या वेळचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांना भाषण का करू दिलं नाही, याची. कोण बोललं, कोणाला बोलू दिलं नाही, कोणाचा अपमान झाला. शिळेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. राजकारण देवळात शिरलं की असं होतं. देव कोपऱ्यात जाऊन बसतो. परंपरा सांगते की शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा तुकोबांनी जसाच्या तसा परत केला होता. देणारा तर महाराजांसारखा होता, मागत काहीच नव्हता. तरी परत केला.

कुणी म्हणेल, मग धर्म सार्वजनिक कामात आणायचाच नाही का? आणा, जरूर आणा. आपल्या शेजारच्या मुळशी पेट्यात धरणात जमिनी जाणार म्हणून शेतकरी उठले, तो दिवस १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा होता. देवाचं नाव घेऊन ते स्वतःच्या जमिनीसाठी धरणाच्या कामावर जाऊन बसले. देहूरोडच्या विहारात २५ डिसेंबर १९५४ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः बुद्धमूर्ती बसवली, तेव्हाही तिथे जमलेल्या माणसांना त्यातून स्वाभिमान मिळाला. श्रद्धेने माणसाची मान वर झाली तर हवीच आहे. भंडारा लावून वदवून घेतलेल्या माझ्या चुलतीची मान खाली गेली होती.

आणि भाविक म्हणूनच मत द्यायचं असेल तर भाविकासारखे प्रश्न विचारा. इंद्रायणी आपल्या कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावते. लोणावळा, कामशेत करत देहूला जाते आणि तिथून आळंदीला. आळंदीच्या घाटावर तिच्यावर साबणाच्या फेसासारखे पांढरे डोंगर तरंगतात आणि वारकरी त्यातच बुडी मारून तेच पाणी तोंडाला लावतात. तुमच्या सप्ताहात वीणेकऱ्यांच्या पाया पडायला येणाऱ्याला विचारा, नदीत जाणारं सांडपाणी कुठे कुठे अडवलं, किती गावांचं अडवलं, उरलेलं कधी अडवणार? १५ जून २०२५, रविवारची दुपार. इंदोरीजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांसकट कोसळला. चार जणांचा जीव गेला, पन्नासच्या आसपास जखमी झाले. नव्या पुलाची घोषणा कागदावर होती. तोवर कितीएक निवडणुका, किती पंगती, किती आरत्या होऊन गेल्या असतील. पंगतीला बसलेल्या माणसाच्या तोंडात घास असतो, त्याच्याकडून पूल कसा विचारला जाणार? या सगळ्या खटाटोपाची खरी किंमत मला तिथे दिसते.

म्हणून काय करायचं ते सांगतो. आमच्या गावात आम्ही हे करणार आहोत, तुम्हीही करा.

बैठकीत साधा ठराव घ्या. उत्सवाच्या मांडवात, कमानीवर, प्रसादाच्या पिशवीवर कुठल्याही पक्षाचा, पुढाऱ्याचा, इच्छुकाचा फोटो किंवा नाव असणार नाही. भावी सरपंच नाही, भावी नगरसेवक नाही, शुभेच्छुक म्हणूनही नाही. पंगत गावकऱ्यांची, पट्टी काढून. कुणाला द्यायचं असेल त्याने गावकरी म्हणून द्यावं, पावती घ्यावी, आणि काल्याच्या दिवशी कमिटीने सगळा हिशेब देवासमोर वाचून दाखवावा. पंगत लहान झाली तर होऊ द्या. मुगाची खिचडी झाली तरी तो प्रसादच आहे. जीर्णोद्धाराचं काम दोन वर्षं लांबलं तरी चालेल. एवढी वर्षं देव जुन्या गाभाऱ्यात राहिलाच ना?

उमेदवाराला देवळात यायला कुणाची ना नाही. तोही भाविक असू शकतो, त्याच्या मनात आपण शिरू शकत नाही. त्याने यावं, चपला बाहेर काढाव्यात, रांगेत उभं राहावं, दर्शन घ्यावं, कीर्तनात खाली सतरंजीवर बसावं. कॅमेरा मात्र बाहेर राहील, माइक मिळणार नाही, आणि चालू कीर्तन कुणासाठीही थांबणार नाही. त्याला बोलायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात सभा घ्यावी. आम्ही सगळे येऊ आणि पुलाचं, पाण्याचं, एसटीचं विचारू.

कीर्तनकार महाराज, तुम्हाला वेगळं सांगतो, कारण तुमच्या शब्दाला आमच्या शब्दापेक्षा शंभरपट वजन आहे. गादीवरून एकदा एवढंच सांगा की दडपणाखाली घेतलेली आण देव धरत नाही, आणि मतदान गुप्त असतं. माझ्या चुलतीसारख्या हजारो बायका ते ऐकतील आणि सुटतील. इमाम साहेबांनी जुम्याच्या दिवशी, फादरांनी रविवारी, भन्तेजींनी वंदनेनंतर हेच सांगावं. कुणाला मत द्या याची चिठ्ठी, निरोप, व्हॉट्सअ‍ॅप कुणाच्याही संस्थेकडून जाऊ नये. लोणावळ्यात तर सगळ्यांचीच प्रार्थनास्थळं आहेत. तिथल्या विश्वस्तांनी एकत्र बसून एकाच दिवशी एकच ठराव घेतला तर "आधी त्यांना थांबवा" म्हणायला कुणाला जागा उरणार नाही.

देवदर्शनाच्या बसबद्दल. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जायची हौस असते, ती आपणच पुरवली नाही म्हणून ती दुसऱ्याने विकत घेतली, हे मी माझ्या घराबद्दल कबूल करतो. भिशी काढा, चार घरं मिळून गाडी करा, वर्षातून एकदा न्या. मग बसच्या दारात नावं लिहून घेणारा कुणी असणार नाही.

आणि तरीही कुणी आण घालताना, देवळातून प्रचार करताना दिसलं तर भांडू नका. जागा, वेळ, कोण होतं ते लिहून ठेवा, फोटो घ्या. विधानसभा-लोकसभेला सी-व्हिजिल अ‍ॅपवर तक्रार टाकता येते, १९५० वर फोन करता येतो. गावच्या आणि शहराच्या निवडणुकीला निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि पोचपावती मागून घ्या. एकट्याने जाऊ नका, पाच जण जा.

आमच्या गावची बैठक शनिवारी रात्री आठ वाजता मारुतीच्या देवळात आहे. ठरावाचा कागद मी लिहून ठेवलाय. उद्या काकड्याच्या वेळी तो घेऊन वीणेकऱ्यांच्या घरी जाणार आहे. पहिली सही त्यांची घ्यायची आहे, आणि त्यांच्या नावाचा पहारा पुन्हा लावू का, हेही विचारायचं आहे.